सतरा वर्षांपूर्वीचा पास

९ जून २०२५, सोमवार

ही वही ऑफिसची आहे. रग्बीचे नियम लिहून काढायला दिली. पुढच्या बाजूने नियम लिहितोय, मागच्या बाजूने हे. पलटणीत असताना रोज चार ओळी लिहायची सवय होती, निवृत्त झाल्यावर ती सुटली. आता पुन्हा लिहिण्यासारखं काहीतरी घडतंय.

तर मी, जोतीराम लाड, निवृत्त हवालदार, वय अठ्ठेचाळीस, मुक्काम कुंडल, आजपासून सांगलीत विश्रामबागेतल्या एका ऑफिसात 'सर' झालो. खतांच्या दुकानावर दोन खोल्या आणि आठ पोरं-पोरी, त्यात आमची प्रांजल. ही पोरं कॉम्प्युटरवरचे गेम बनवतात. बाहेरच्या देशातली एक कंपनी रग्बीचा गेम काढतेय. अगदी खऱ्यासारखा, म्हणजे चिखल, धडक, नियम सगळं जसंच्या तसं. त्यातली माणसं हलती करायचं काम सांगलीला मिळालंय. गंमत अशी की आठांपैकी एकानेही मैदानात रग्बी बघितलेली नाही. त्यांचा मालक ऋषिराज जेमतेम एकोणतीस वर्षांचा असेल. मला म्हणाला, "सर, आठ दिवस नुसते व्हिडिओ बघतोय. कोण कुणाला का पाडतोय तेच कळंना झालंय."

तेव्हा प्रांजल म्हणाली म्हणे, "माझे पप्पा खेळलेत. मिलिटरीच्या टीममधनं. फायनल जिंकलीय त्यांनी."

ती शाळेत होती तेव्हा मी सीमेवर. घरी आलो तेव्हा ती कॉलेजात. बापाचा अभिमान वाटावा असं तिच्यापुढे माझं फारसं काही घडलेलं नाही. म्हणून मोकळेपणाने लिहितो, मला फार बरं वाटलं.

११ जून, बुधवार

आज पोरांना पास शिकवला. रग्बीत चेंडू पुढे फेकायचा नाही, बाजूला किंवा मागेच द्यायचा. पुढे गेला की रेफ्रीची शिट्टी. पोरांना हे पटेना. एक जण म्हणाला, "सर, जायचं पुढं आणि द्यायचं मागं?" म्हटलं, हाच तर खेळ आहे.

एक बारकावा सांगितला. जोरात धावणाऱ्या माणसाने चेंडू मागे सोडला तरी त्याच्या वेगाने तो थोडा पुढे वाहतो. ते चालतं. पण ज्याला समोरच्याने धरून थांबवलंय त्याला ही सवलत नाही. त्याने दिलेला चेंडू पुढे गेला तर तो पुढेच. ऋषिराज म्हणाला, एवढं काटेकोर कशाला, खेळणाऱ्याला वैताग येईल. मी म्हटलं, खऱ्यासारखा पाहिजे ना? मग कॉम्प्युटरला दयामाया नको. प्रांजलने तसाच नियम बसवला. पोरं त्याला 'सरांची शिट्टी' म्हणायला लागली आहेत.

१७ जून, मंगळवार

हसून हसून पोट दुखलं. माणसांची हालचाल टिपायला माधवनगर रस्त्यावरचं एक मंगल कार्यालय भाड्याने घेतलंय. लग्नाचे मुहूर्त संपत आलेत, म्हणून मिळालं. जिथे नवरानवरी बसतात तिथे कॅमेरे. अंगावर काळे घट्ट कपडे, त्यावर बटणांएवढे ठिपके. कॅमेरे ते ठिपके बघतात आणि माणूस जसा हलेल तसा गेममधला माणूस हलतो.

टॅकलसाठी, म्हणजे पळणाऱ्याला धरून पाडण्यासाठी, मी आमच्या कुंडलच्या तालमीतले दोन पैलवान नेले, शिवतेज आणि शंभूराज. गाद्या अंथरल्या. दोघांनी आधी गादीला हात लावून कपाळाला लावला, मग भिडले. शिवतेजने शंभूराजला असा आडवा केला की ऋषिराजच्या हातातला चहा सांडला. पण रग्बीत माणूस पाडला की लगेच सोडायचा असतो. शिवतेज सोडेचना.

"अरं सोड त्याला!"

"सोडू? अजून चित कुठं झालाय, आण्णा?"

दहा वेळा पाडलं, दहाही वेळा त्याने शंभूराजची पाठ गादीला लावली आणि पंचाची वाट बघत बसला. संध्याकाळी प्रांजलने पडद्यावर दाखवलं. गेममधला तो धिप्पाड गोरा गडी आधी वाकून मैदानाला नमस्कार करतो, मग समोरच्याला उताणा पाडून छातीवर बसतो. शेवटी मीच ठिपक्यांचे कपडे घालून दाखवलं, पाडायचं कसं आणि सोडायचं कसं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. प्रांजलनेही.

२३ जून, सोमवार

आजचा दिवस वाईट. खरं तर काहीच वाईट झालेलं नाही, तरी वाईट.

कडेने सुसाट पळणारा गडी गेमला पाहिजे. मी म्हटलं मी पळतो. पळालो. ऋषिराज आदबीने म्हणाला, "छान, सर. पण जरा वेग..." माझा डावा गुडघा बारा वर्षांपूर्वीच गेलाय. प्रांजलला ते माहीत आहे. तिने घरचा फोटो ऑफिसात आणला. २००८ सालची पलटणींची फायनल, पुण्यातली. लियाकत मुलाणी हवेत आडवा झेपावलाय, चेंडू रेषेपलीकडे टेकतोय. रग्बीत यालाच ट्राय म्हणतात. त्या ट्रायवर आम्ही फायनल जिंकलो. फोटोच्या डाव्या कडेला एक कोपर दिसतं. ते माझं.

"हे काका अजून पळत असतील का हो, पप्पा?"

म्हटलं, "त्याचं आता वय झालंय." तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे.

तिने फोन लावलासुद्धा. कवठे महांकाळला त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे, द्राक्षबागांचे लोखंडी अँगल करतो. येतो म्हणाला.

आता इथे लिहितोच, कारण दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही. तो ट्राय माझ्या पासावर झाला. शेवटचं मिनिट, दोघं अंगाला लटकलेले, तशातून मी चेंडू काढून दिला. तो नुसता पळाला. सतरा वर्षं लोक त्याला फेटे बांधतात, शाळेत बक्षिसं वाटायला नेतात. आणि या सतरा वर्षांत त्याने एकदाही, कुठल्याही भाषणात, माझ्या पासाचं नाव काढलेलं नाही. मी दोन समारंभांना खुर्चीत बसून ऐकलंय. "देवाच्या दयेनं झालं," म्हणतो आणि खाली बसतो. देवाने पास दिला होता काय?

२६ जून, गुरुवार

लियाकत आला. केस पिकलेत, पोट मात्र नाही. मला बघून लांबूनच ओरडला, "जोत्या! लेका वाळलास की रं!" मिठी मारली. पोरांसमोर मला जोत्या म्हणाला. अडीच आठवडे मी सर होतो.

चार वेळा पळाला. मंगल कार्यालयाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, जेवणाच्या टेबलांना वळसा घालून. ऋषिराज नुसता "बाप रे, बाप रे" करत होता. सेहेचाळिसाव्या वर्षी असं पळणं बरं दिसत नाही, असं मला वाटलं. बाकी कुणाला वाटलं नाही.

पळून झाल्यावर तो भिंतीला टेकून म्हणाला, "पोरांनो, ह्याला इचारा. मला पळायचं तेवढं कळतं. डोकं ह्याचं." सगळे हसले. मोठेपणा दाखवायची ही पण एक रीत असते.

प्रांजल त्याला काका म्हणते. घरून आणलेल्या डब्यातली पोळी तिने त्याला दिली. पोळी दोघांना पुरेल एवढी होती, तरी मला दिसली.

४ जुलै, शुक्रवार

गेममधल्या प्रत्येक खेळाडूला शंभरपैकी आकडे द्यायचे असतात. वेग, ताकद, पास, टॅकल, दम, डोकं. त्यावरून कॉम्प्युटर ठरवतो कोण किती चांगला. ऋषिराजने माझ्यावरून आणि लियाकतवरून दोन खेळाडू बनवलेत, नावं बदलून. म्हणाला, एकमेकांना आकडे तुम्हीच द्या, तुम्ही एकमेकांना ओळखता.

लियाकतने माझ्या सगळ्या रकान्यांत ऐंशी लिहिलं. सहाही रकान्यांत. पासाला पण ऐंशीच! डोकं चालवायचा कंटाळा, दुसरं काय.

मी वेळ घेतला. वेग ब्याण्णव दिला, कारण सगळ्यांनी बघितलाय. ताकद साठ. टॅकल पंचावन्न. डोकं अठ्ठेचाळीस. पास एक्केचाळीस. प्रांजलने कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि आकडे भरले. दुपारी पोरं गेम खेळून बघत होती. लियाकतच्या खेळाडूने पास दिला की चेंडू दरवेळी जमिनीवर. पोरं म्हणाली, काकांचा हात फुटका दिसतोय. लियाकत सगळ्यांत मोठ्याने हसला. मला त्या हसण्याचाही राग आला. आकडे मी दिलेत हे त्याला माहीत होतं.

१० जुलै, गुरुवार

बाहेरच्या कंपनीला प्रत्येक देशातला एक खरा प्रसंग हवाय. गेममध्ये तो प्रसंग समोर येणार, माणसं जिथल्या तिथे उभी, घड्याळात शेवटचं मिनिट, आणि खेळणाऱ्याने तो पुन्हा जिंकून दाखवायचा. खाली खऱ्या खेळाडूंची नावं.

मी लगेच म्हटलं, आमची २००८ ची फायनल. माझ्या पासापासून सुरू करा.

ऋषिराज उडालाच. लियाकत मात्र म्हणाला, "नको रं. जुनं हाय ते. दुसरं कायतरी घ्या. पोरींची टीम चांगली खेळती आता, त्यांचं घ्या."

"का नको?" मी विचारलं.

"उगंच. कोण वळखतंय आपल्याला?"

"तुझ्याकडं सीडी आहे ना त्या मॅचची?"

"चालत न्हाई ती आता. बुरशी लागलीय."

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं, त्याने नजर काढून घेतली. मला बाराखडी वाचल्यासारखं स्पष्ट वाचता आलं. प्रसंग पासापासून सुरू झाला तर जगाला कळणार की ट्राय कुणामुळे झाला. सतरा वर्षं एकट्याने खाल्लेला मान वाटून घ्यावा लागणार. म्हणून नको. इतका कोत्या मनाचा माणूस असेल असं वाटलं नव्हतं.

२० जुलै, रविवार

साताऱ्याला जाऊन आलो. आमचे सुभेदार, आनंदराव शेडगे, गोडोलीला मुलाकडे असतात. त्या दिवशी मैदानाच्या कडेला व्हिडिओ काढत होते तेच. वय झालं, ऐकायला कमी येतं, पण मला आवाजावरून ओळखलं. टेप आहे म्हणाले, नातवाने पेनड्राइव्हमध्ये घालून ठेवलीय.

"लियाकत कसा हाय?" त्यांनी विचारलं. "त्यो आला हुता मागं. दोनदा."

"कशाला?"

"टेप मागत हुता. म्हणला, सायेब, पुसून टाका. म्या म्हणलं, येडा हाईस का? जितल्याली म्याच कोण पुसतं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेप पुसायला निघाला होता! माझा एकुलता एक पुरावा. सुभेदार पुढे म्हणाले, "जाऊ दे, जोतीराम. जिंकलो ती जिंकलो. आता कशाला उकरतुयास?" मी पाया पडून निघालो. एसटीत बसून सांगलीपर्यंत खिशातल्या पेनड्राइव्हवर हात ठेवून आलो.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

ऑफिसला सुट्टी. निम्मी पोरं शिराळ्याला गेली. घरी पुरणाचे दिंड. अंजना वाढता वाढता म्हणाली, "आवं, तुमचं लियाकत भावजींशी काय बिनसलंय?"

"काही नाही."

"मग झोपंत त्यांचं नाव घिऊन दात कशाला खाता?"

मी जेवत राहिलो. ती म्हणाली, "तुमचा गुडघा मोडला तवा दोन महिनं दर रविवारी कवठ्यास्नं यायचे ते. दवाखान्यात तुमची दाढी करायचे. इसरला वाटतं."

विसरलो नाही. तेव्हाही वॉर्डातल्या नर्स त्यालाच विचारायच्या, ट्राय मारणारे ते तुम्हीच का म्हणून. पलंगावर मी होतो.

७ ऑगस्ट, गुरुवार

प्रांजलने टेपवरून प्रसंग उभा केला. मैदानावरच्या पांढऱ्या रेषा धरून कोण कुठे उभा होता ते वीतभरही चुकणार नाही असं मोजलंय. पडद्यावर मी स्वतःला बघितलं. दोन माणसं अंगाला लटकलेली, पाय जागच्या जागी. मान वळली, हात सुटले, चेंडू गेला.

शिट्टी वाजली.

प्रांजल म्हणाली, काहीतरी चुकलं असेल. पुन्हा लावला. पुन्हा शिट्टी. मी म्हटलं, तुझा नियम चुकलाय. ती म्हणाली, "तुमीच सांगितलाय तसाच हाय, पप्पा." मी म्हटलं, मग मोजमाप चुकलंय. जरा मोठ्याने म्हटलं बहुतेक. सगळे बघायला लागले. तिचे डोळे भरले आणि ती पाणी प्यायला गेली.

कॉम्प्युटरला काय कळतंय? त्या दिवशी रेफ्री दहा पावलांवर उभा होता.

९ ऑगस्ट, शनिवार

प्रांजल दोन दिवस माझ्याशी फारशी बोलली नाही. आज तिने पुन्हा मोजलेलं दाखवलं, तीन वेगवेगळ्या रेषांवरून. चेंडू माझ्या हातातून सुटला तिथून लियाकतने धरला ती जागा चार पावलं पुढे आहे. मी थांबलेलो होतो. थांबलेल्याला सवलत नाही.

मी ती टेप एकट्याने पुष्कळ वेळा बघितली. पाचव्या-सहाव्या वेळेला दिसलं. खरं म्हणजे पहिल्याच वेळेला दिसलं होतं.

पास पुढे गेलाय.

अठ्ठेचाळीस वर्षांत एक गोष्ट माझी होती. ती पण अशी निघाली.

११ ऑगस्ट, सोमवार

सविस्तर लिहितो, दिवस मोठा होता.

ऋषिराजने सगळ्यांना मोठ्या पडद्यापुढे बसवलं. लियाकतलाही बोलावलं होतं. प्रसंग लावला, शिट्टी वाजली. लियाकत मान खाली घालून बसला. त्याला नवल वाटलं नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. त्याला माहीत होतं.

ऋषिराज म्हणाला, "सर, टेन्शन घेऊ नका. सोपं आहे. तुम्हाला चार पावलं पुढं सरकवतो. कोण बघतंय?"

लियाकत पटकन म्हणाला, "त्याला नगं. मला मागं घ्या. म्याच लय पुढं पळालो हुतो. चूक माझी हाय."

पोरं त्याच्याकडे कशी बघत होती ते मला दिसत होतं. प्रांजल कशी बघत होती तेही. पास मी चुकवला आणि मोठा तो ठरत होता! ट्रायचा मान त्याचा, आणि आता चूक पोटात घालायचा मानही त्याचाच. मला काही ठेवायचंच नाही, असं ठरवून जन्माला आलाय हा माणूस.

मी उभा राहिलो. म्हणालो, "कुणालाच सरकवायचं नाही. पास पुढे गेला होता. माझाच होता. ट्राय झालाच नव्हता. फायनल आपण जिंकलेलीच नाही."

 मग ऋषिराजने टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवली. "सर, याला जिगर लागते," तो म्हणाला. प्रांजल येऊन बिलगली. लहानपणी सुट्टी संपवून निघताना बिलगायची, त्यानंतर आजच. माझा शर्ट भिजवला तिने.

लियाकत कधी उठून गेला ते बघितलं नाही. एसटीची वेळ झाली असेल.

१३ ऑगस्ट, बुधवार

प्रांजलने फोनवर सगळी हकीगत लिहून टाकली, माझ्या फोटोसकट. "माझे पप्पा हरले नाहीत, खरं बोलले," असं काहीतरी. पलटणीच्या जुन्या ग्रुपवर ती फिरतेय. ज्यांना माझं नाव आठवत नव्हतं त्यांचे फोन आले. एक मेजर साहेब म्हणाले, शाबास लाड. गावात तालमीसमोर शिवतेजने सगळ्या पोरांना माझी गोष्ट सांगितली.

बाहेरच्या कंपनीला प्रसंग आणखीच आवडला. आता तो शिट्टीसकट घेणार आहेत. खेळणाऱ्याने योग्य पास देऊन सामना खरोखर जिंकायचा. प्रसंगाचं नाव 'न झालेला ट्राय'. सुरुवातीला माझ्या आवाजात चार वाक्यं. सोमवारी आवाज घेणार.

दोन दिवस पाय जमिनीवर नाहीत. सतरा वर्षांत पहिल्यांदा मी पुढे आणि लियाकत मागे. हे लिहायला नको, पण वहीची ही बाजू माझी आहे.

त्याचा फोन नाही. केला तर उचलत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

सांगलीहून पेढे घेऊन कवठे महांकाळला गेलो. का गेलो ते नीट सांगता येणार नाही. शाबासकी सगळ्यांची मिळाली, त्याची राहिली होती.

दुकान उघडं होतं. लियाकत अँगल कापत होता, मला बघून मशीन बंद केलं नाही. अकिला वहिनींनी आत बसवलं, पाणी दिलं. पेढ्यांचा पुडा हातात घेतला, पण उघडला नाही.

"भावजी," त्या म्हणाल्या, "लेकीच्या सासऱ्यांचा मिरजंस्नं फोन आला हुता. म्हणले, तुमी सांगत हुता ती खोटंच हुतं व्हय? लग्नात सगळ्यांस्नी फोटो दावला हुता ह्यांनी. सबाच रडत सांगत हुती."

मी म्हटलं, "यात खोटं त्याचं काही नाही. चूक माझी होती, मी तसंच सांगितलं."

"व्हय. तुमचं सांगितलंसा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मशीन थांबलं. लियाकत हात पुसत आला, समोर बसला. मी विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"चेंडू हातात पडला तवाच. रेफ्रीकडं बघितलं. त्यानं शिट्टी मारली न्हाई. मग पळालो."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? मॅच झाल्यावर तू माझ्याकडं पळत आलास. तुझं त्वांड बघितलं आन ठरवलं, पासाचं नाव कुठं काढायचं न्हाई. नाव काढलं की कोणतरी म्हणणार, दावा बघू पास. म्हणून गप बसलो. लोक फेटा बांधायचे, मी देवाचं नाव घिऊन खाली बसायचो."

मी म्हटलं, "खरं कधीतरी बाहेर यायलाच पाहिजे होतं."

"आलं की. पास पुढं गेला म्हणालास, तितवर बरूबर हुतं. पास तुझा, तू काय वाटंल ते कर. पण ट्राय माझा हुता, गड्या. सतरा वरसं मी तुझं झाकलं, आन तू माझं चार लोकांत उघडं केलंस. आदी मला इचारायचं तरी."

"तू तर म्हणालास, मला मागे घ्या. चूक माझी."

"व्हय. मागं घ्या म्हणलो. पुसून टाका न्हाई म्हणलो."

मग तो उठला. गिऱ्हाईक आलं होतं. मी एसटी स्टँडवर आलो.

१८ ऑगस्ट, सोमवार

सकाळी ऋषिराजला म्हटलं, तो प्रसंग काढता येईल का? तो म्हणाला, "सर, आता कसा निघंल? तिकडं मंजूर झालाय. आणि तुम्ही असं का म्हणताय? हिरो आहात तुम्ही." मी आग्रह धरला असता तर कदाचित त्याने विचारून बघितलं असतं. मी धरला नाही. अकरा वाजता आवाज घेतला. 'पास पुढे गेला होता, हे मी मान्य केलं.' पाच वेळा म्हणून घेतलं, तिसऱ्या वेळचा चांगला आला म्हणे. प्रांजल काचेपलीकडून अंगठा दाखवत होती.

अकरा तारखेच्या पानावर मी एक गोष्ट लिहिलेली नाही. ती आज लिहितो, म्हणजे वही पुरी होईल.

त्या दिवशी बोलायच्या आधी मी लियाकतकडे बघितलं होतं. तोवर बाकी सगळ्यांची तोंडं पुन्हा पडद्याकडे वळली होती, त्याचं एकट्याचं माझ्याकडे. मी काय बोलणार ते त्याला कळलं होतं. त्याने मान हलवली, अगदी थोडी. नको म्हणून. पास पुढे गेला, माझा होता, एवढं सांगून मला थांबता आलं असतं. कुणी त्याच्यापुढचं विचारलं नव्हतं. 'ट्राय झालाच नव्हता' हे मी त्याची मान हललेली बघून, त्याच्याकडे बघत म्हटलं.